वाघुरीतली खडी

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि लोकांनी तुमचा पार देवमाणूस करून टाकला. ज्यांची गचांडी तुम्ही तीर्थपुरीच्या भर बाजारात धरली होती, तेही आता ओट्यावर येऊन बसतात, चहा पितात आणि म्हणतात, असा माणूस पुन्हा होणे नाही. मी आतून ऐकते आणि दातओठ खाते. तुम्ही असतात तर त्यातल्या निम्म्यांना हाताला धरून ओट्याखाली घातलं असतं. ते मेले तुमचं कौतुक करतात कारण आता तुम्ही उठून मारायला येणार नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक आहे.

मला मात्र तुमचं कौतुक करायचं नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. ते राहून गेलं, आणि तुम्ही असे की भांडण अर्धवट टाकून कधी घराबाहेर पडला नाहीत, अगदी नडल्याशिवाय. म्हणून हे लिहायला बसले. मध्येच बोलू नका, एवढं ऐका.

आपली खडी वाहायची गाडी सपाट हौद्याची. टिप्परसारखा हौदा वर उचलायची सोय तिला नाही. क्रशरवर लोडर धडाधड खडी ओतून मोकळा व्हायचा, पण साइटवर तीच खडी खाली करायची म्हणजे हौद्यात चढून फावड्यानं ढकलायची. हाताला फोड, नाकातोंडात डस्ट, आणि तेवढ्यात मागे उभा राहिलेला टिप्परवाला हॉर्न मारतोय. तुमच्या अंगात एवढा धीर कुठला. एका दुपारी तुम्ही फावडं भिरकावलं, ते कुणाच्या तरी नव्या भिंतीला जाऊन लागलं, त्यावरून त्या माणसाशी हातघाई झाली, आणि घरी येऊन तुम्ही तुमच्या आईला विचारलंत, "आई, वाघूर कुठंय?"

वाघूर म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी. मामंजी गेल्यावर मेंढ्या विकल्या, पण जाळी माळ्यावर तशीच पडून होती. आत्याबाई म्हणाल्या, "आता तिच्यात कोणाला कोंडतो, मला?" तुम्ही हसला नाहीत. जाळी हौद्यात अंथरली, तिच्यावर ताडपत्री टाकली आणि क्रशरवर जाऊन वर खडी भरून घेतली. केबिनकडच्या जाळीच्या दोन्ही टोकांना दोर बांधले, ते दोर खडीवरून मागे आणले, साइटवर मागचा फाळका पाडला आणि दोर पाठीमागच्या झाडाला आवळले. मग गाडी पुढे घेतली. दोर झाडाला धरून राहिला, जाळी उलटी होत मागे गुंडाळत आली आणि सगळी खडी धाडकन जमिनीवर. तुम्ही केबिनमधून उडी मारून ओरडलात, तेव्हा शेजारच्या रानातली माणसं धावत आली, त्यांना वाटलं कोणी खाली सापडलं.

पहिली जाळी दुसऱ्याच खेपेला फाटली. मग आत्याबाईंनी जाड नायलॉनच्या दोराची नवी विणली. गाठ तीच, मेंढ्यांच्या जाळीची. त्यांचे हात दुखायचे, बोटं सुजायची, पण म्हातारी हट्टानं विणत राहिली. तुम्ही म्हणायचात, जगात सगळं तुटेल पण माझ्या आईची गाठ न्हाई तुटणार. तेवढं एक तुम्ही खरं बोललात.

टिप्परवाल्यांना ते खुपायला लागलं. क्रशरच्या रांगेत एकानं खिडकीतून मान काढून विचारलं होतं, "काय रे, मेंढरं भरून राह्यला का खडी?" मी तुमच्या शेजारी बसले होते. मी तुमचा दंड धरेपर्यंत तुम्ही खालीसुद्धा उतरला होतात. त्याच्या दाराशी गेलात, त्याला कॉलरला धरून खिडकीतूनच बाहेर ओढलंत आणि त्याचं तोंड त्याच्याच गाडीच्या पत्र्यावर आपटलंत. पुन्हा आपटलंत. त्याच्या दाताचं रक्त पत्र्यावर लागलं. बाकीचे चार जण तुमच्यावर पडले, तुमचं नाक फुटलं, शर्ट फाटला, आणि तुम्ही त्या ढिगाखालून हसत होतात. मला तुमचं ते हसू कधी आवडलं नाही. संध्याकाळी हळद लावताना मी तेच बोलले तर म्हणालात, "मला मेंढरं म्हनला असता तर चाललं असतं. आईच्या जाळीला हासला तो."

दोर बांधायचा तर गाडी चालवायला दुसरं माणूस लागतं. एकानं क्लच सोडायचा आणि एकानं मागे उभं राहून दोराकडे बघायचं. तुम्ही तीन-चार ड्रायव्हर ठेवून पाहिले. कोणी एकदम झटका द्यायचा, कोणी तुमच्या शिव्या ऐकून मधूनच निघून जायचा. शेवटी एके दिवशी मला म्हणालात, "चल, तू बस." तुमचा थोरला भाऊ म्हणाला, बाईच्या हातात स्टेअरिंग दिलं तर पै-पाहुणे काय म्हणतील. तुम्ही त्याच्यासमोर पान थुंकलात आणि म्हणालात, पै-पाहुण्यांना म्हनाव हौद्यात चढा, खडी ढकला. त्या दिवशी मी तुमच्यावर फार खूश होते. सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच डोक्यावर बसला असतात.

आणि त्याच आठवड्यात तुम्ही मला मारलंत. नुसतं चांगलंच लिहिलं असं वाटायला नको म्हणून हेही इथेच लिहिते, ओट्यावर कोणी ते बोलत नाही. मी क्लच जरा लवकर सोडला, गाडी झटका खाऊन बंद पडली, दोर एकदम ताणला आणि तुमचं बोट गाठीत चेंगरलं. तुम्ही दार उघडलंत आणि माझ्या कानाखाली ठेवून दिलीत. त्या साइटवरचा मिस्त्री, मजूर, घराची मालकीण, सगळे बघत होते. माझा कान घरी येईपर्यंत वाजत होता. नंतरही तसं होत राहिलं. दर वेळी तुम्हाला कारण सापडायचं आणि दर वेळी नंतर तुम्ही माझ्या केसातली डस्ट तुमच्या रुमालानं झाडत बसायचात. मला तो रुमाल गिळून टाकावासा वाटायचा.

मग अंकुशनगरच्या रस्त्यावरचा तो दिवस. उसाच्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता, आपला टायर बसला होता, तुम्ही जॅक लावत होतात आणि माझ्या हातून नट गटारात पडला. तुम्ही हात उचललात. माझ्या हातात टॉमी होती, टायर खोलायची लोखंडी कांब. मी विचार केला नाही. तुमच्या उचललेल्या हातावरच घातली. हाड मोडल्याचा आवाज उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानेही ऐकला. तुम्ही रस्त्यातच खाली बसलात, पांढरेफटक पडलात आणि माझ्याकडे असं बघायला लागलात की जणू मी कोण ते तुम्हाला नव्यानं कळत होतं. मी म्हणाले, "परत हात उचलला तर डोक्यात घालीन." डॉक्टरला तुम्ही सांगितलंत, फाळका पडला.

ते केलं ते मी बरोबरच केलं. आजही टॉमी हातात असेल तर तेच करीन. हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे तुम्ही मला रस्त्यावर गाडी चालवायला शिकवलीत, लायसन काढायला जालन्याला घेऊन गेलात, तिथल्या साहेबानं मान वाकडी केली तर त्याच्याशी भांडलात. आणि त्यानंतर तुमचा हात माझ्यावर कधी उठला नाही. राग गेला होता असं नाही. राग आला की तुम्ही खाली उतरून टायरला लाथा घालायचात, पत्र्यावर मुठी मारायचात, दुसऱ्या कोणाची तरी गचांडी धरायचात. पण माझ्यापुढे येऊन थांबायचात, जबडा आवळायचात आणि वळून चालू लागायचात. मी त्या वळण्याला फार मोठं समजत होते. मी आपली मनात म्हणायची की हा माणूस सुधारला नाही, पण माझ्यापुरता सुधारला.

आता आष्टीचं.

आदल्या रात्री पाऊस झाला होता, त्यामुळे खडीतली डस्ट ओली होऊन घट्ट बसली होती. आष्टीत नवं घर चाललं होतं. मागच्या बाजूला लिंबाचं चांगलं झाड होतं, पण मालकीण म्हणाली, साल निघते, झाडाला दोर लावू देणार नाही. शेषराव मिस्त्री म्हणाला, मग कॉलमला बांधा, त्यावर तुम्ही त्याला म्हणालात, तुझं काम तुला कळंना का. कुंपणाला बाभळीचा एक जुना बुंधा होता, कापून टाकलेला. तुम्ही त्यालाच दोर आवळला. मी केबिनमध्ये चढता चढता म्हणाले, "अहो, वाळवी लागलीय त्याला. खालून भुसा पडून राह्यला." तुम्ही माझ्यापुढे आलात, जबडा आवळलात आणि वळलात. जाता जाता म्हणालात, "तू गाडी बघ."

मी गाडी बघितली. फर्स्ट टाकला, हळूच क्लच सोडला. दोर ताणला गेला, गाडी जागची हलेना, इंजिन ओरडायला लागलं. ओल्या डस्टनं जाळी धरून ठेवली होती. मी आरशात बघत होते. दोर ताणल्यावर दोराजवळ कुत्रंसुद्धा नको, हा तुमचाच नियम. तुम्ही लांब उभे होतात. मिस्त्री मात्र बुंध्यापाशी, दोराला लागूनच उभा होता. तो तुम्हाला काहीतरी बोलला. पुन्हा बोलला. इंजिनच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. तुम्ही तरातरा त्याच्याकडे गेलात, दोराच्या वाटेत गेलात, आणि मूठ आवळून त्याच्या छातीत अशी घातलीत की तो उताणा होऊन पलीकडे वाळूत जाऊन पडला.

तेवढ्यात गाडी एकदम हलकी झाली आणि पुढे सुटली. मला वाटलं खडी सुटली. मला आनंद झाला हो. आरशात बघितलं तर तुम्ही दिसला नाहीत.

बुंधा मुळासकट उपटून आला होता आणि ताणलेल्या दोरानं तो तुमच्यावर फेकला होता. तुमच्या कानामागे काय झालं होतं ते मी लिहीत नाही. मी तुमचं डोकं मांडीवर घेतलं, पदर दाबून धरला, पदर लगेच भरला. मिस्त्री छाती धरून रांगत आला. मालकीण लिंबाला टेकून ओकत होती. कोणाची तरी जीप आली. जालन्याच्या वाटेत परतूरच्या पुढे तुम्ही एकदा हात हलवलात, मूठ आवळल्यासारखा. मी तो धरला. त्यानंतर तुम्ही नव्हतात.

घरी आणल्यावर आत्याबाई तुमच्याजवळ आल्या नाहीत. माझ्याजवळ आल्या आणि माझे दोन्ही खांदे धरून विचारलं, "माझी जाळी तुटली का? खरं सांग." मी म्हणाले, "न्हाई आत्याबाई, एक गाठ बी सुटली न्हाई." त्यांनी माझे खांदे सोडले. मला वाटलं त्यांना बरं वाटलं असेल. रात्रभर त्या भिंतीला डोकं आपटत होत्या आणि एवढंच म्हणत होत्या, तुटायला पायजे व्हती, तुटायला पायजे व्हती.

दहाव्याला शेषराव मिस्त्री आला. छातीला पट्टा बांधलेला. सगळ्यांसमोर आत्याबाईंच्या पायावर पडला आणि म्हणाला, "माय, तुझ्या पोरानं मला ढकललं आन सोता मेला. मी तुझ्या पोराच्या जिवावर हाय." सगळे रडायला लागले. थोरल्या भाऊजींनी त्याला मिठी मारली. तिथून तुम्ही देवमाणूस झालात. मी मात्र दगडासारखी बसून होते. ढकलणं आणि ठोसा मला वेगळे कळतात. मी तुमच्याबरोबर संसार केला आहे.

मला खात्री होती की तो माझ्याबद्दल काहीतरी घाण बोलला. बाई गाडी चालवते म्हणून बोलणारे आपल्याला काही कमी भेटले नाहीत. तो बोलला, तुम्ही माझ्यासाठी धावून गेलात, आणि माझ्यापायी मेलात. हरामखोर आता खोटं बोलून सुटतोय आणि वर आमच्या घरी येऊन जेवतोय. मला ते सहन होत नव्हतं. पण एक गोष्ट खरी, मी तीच धरून दिवस काढत होते. तुम्ही माझ्यासाठी मेलात, ह्यात मला आधार होता. सगळ्या थपडांची फेड त्या एका ठोशात झाली, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

कोणीतरी घरी आणून लावलेल्या गाडीत खडी तशीच राहिली होती. कोणी हात लावेना. थोरले भाऊजी म्हणाले, रस्त्याकडेला ओतून टाकतो. मी म्हणाले, जिथली आहे तिथेच खाली होईल. तेरावा झाल्यावर मी गाडी काढली आणि एकटी आष्टीला गेले. घाबरू नका, दोर बांधला नाही. फावडं नेलं होतं. खरं सांगायचं तर फावडं खडीसाठी नेलं नव्हतं.

मिस्त्री विटांवर पाणी मारत होता. मला बघून पाइप टाकून उभा राहिला. मी फावड्याचा दांडा त्याच्या गळ्याशी लावला, त्याला नव्या भिंतीला रेटला आणि म्हणाले, "काय बोलल्ता माझ्याबद्दल? जल्दी सांग, न्हाई तर हितंच गाडीन." मजूर धावले, त्यानं हातानंच त्यांना थांबवलं.

"वहिनी, तुमच्याबद्दल बिलकुल न्हाई बोललो," तो म्हणाला. त्याचा आवाज दांड्याखालून घोगरा येत होता. "मी म्हनलं, भाऊ, बुंधा हालून राह्यला, गाडी थांबवायला सांगा. त्यांनी ऐकलं न्हाई. मी परत म्हनलं. मंग म्हनलं, अहो, डोळे हायेत का न्हाई. तव्हा आले आन हानलं."

"मंग दहाव्याला खोटं का बोलला?"

"खोटं कसं? मी व्हतो त्या जागी राह्यलो असतो तर तो बुंधा माझ्या टाळक्यात बसला असता. त्यांनी हानलं म्हनून मी तिकडं पडलो. रागानं हानलं का मायेनं, ते मला मोजता येत न्हाई वहिनी. जिता हाय एवढं खरं. म्हातारीपुढं दुसरं काय बोलू?"

माझ्या हातातला दांडा खाली आला. मी तिथेच वाळूत बसले. त्यानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि मजुरांना घेऊन हौद्यात चढला. छातीला पट्टा असताना तो फावड्यानं खडी ओढत होता. मी त्याला नको म्हणाले नाही. खडी माझ्या पाठीमागे धडधड पडत राहिली आणि मी तुम्हाला शिव्या देत बसले, मोठ्यानं, तुम्ही देता तशा. मालकीण खिडकी लावून घेऊन आत गेली.

घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "काय म्हनला मिस्त्री?" मी त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. देवमाणूस काढून टाकला आणि तुम्हाला त्यांच्यापुढे ठेवलं. त्या बराच वेळ बोटांनी बोटं दाबत बसल्या. मग म्हणाल्या, "बराबर. मंग माझाच व्हता तो." आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

मी मात्र ताट बाजूला सारलं. कारण मिस्त्री तुम्हाला जे बोलला ते माझंच बोलणं होतं. मी थोडं आधी बोलले, तो थोडं नंतर. राग तुम्हाला माझा आला होता. तो तुम्ही माझ्यापुढे आवळून धरलात, वळलात, आणि मिस्त्रीच्या छातीत रिकामा केलात. तो ठोसा माझ्यासाठी नव्हता, माझा होता. अंकुशनगरच्या रस्त्यापूर्वीचे तुम्ही असतात तर केबिनचं दार उघडून मला हाणलं असतंत. तुम्ही गाडीपाशी असतात, मी गाडी सुरूच केली नसती, आणि आज तुम्ही बाहेर ओट्यावर बसून कोणाला तरी दम देत असतात.

तुम्ही माझ्यावर हात उचलणं सोडलंत म्हणून मेलात, असं गणित मांडून माझं डोकं फुटायची वेळ आली आहे. तरी सांगते, तो हात मला परत नको आहे. त्याच्याखाली मी पुन्हा एक दिवस काढणार नाही. आणि तुम्ही मला परत हवे आहात. दोन्ही एकदम मागता येत नाही हे मला कळतं, पण मी दोन्ही मागते आहे, आणि माझ्यापुढून वळून जायला आता तुम्ही इथे नाही.